जमाव, नग चाळीस

आन वरून तो साहेब इचारते काय, का जमावाची वॉरंटी किती वर्षांची? आता तुमीच सांगा जी! मिक्सर हाय का तो, का कूलर हाय? जमाव म्हनजे आमी हो, एकोडीच्या नाटक मंडळीचे चाळीस जन, मी सोता त्यात पेटी वाजवतो, आन हा मानूस आमची वॉरंटी इचारून राह्यला! "हे पहा बाबूलाल, फॉर्ममध्ये रकाना आहे, रिकामा सोडता येत नाही. जमाव बिघडला तर बदलून देणार का, एवढंच लिहा." आन आमचा बाबूलाल, तीस वर्षं स्टेजवरचा खलनायक, ज्याची आरोळी आयकून पयल्या लायनीतले पोट्टे मायच्या पदरात घुसतेत, तो खाली मान घालून लिहिते, "हाव, बदलून देऊ." काय करन बिचारा? कागद पाहिजे ना, बाप्पा, कागद!

थांबा, तुमाले मुळापासून सांगतो. यंदाचा मंडईचा, म्हनजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांचा, सीझन आमच्यासाठी पार कोरडा गेला. मोठ्या मंडळ्या टीव्हीवरच्या नट्या आनतेत, आमची हिरोईन आंगनवाडीतून सुट्टी काढून येते... कोन बोलावते आमाले? तं बाबूलालची बायको, चंद्रकलावहिनी, एक दिवस भाताची परात खाली ठेवून म्हने, "आयका. होळीपर्यंत काम आलं तं ठीक. नाही तं पडदे गुंडाळा आन भंडाऱ्याले माह्या भावाच्या, भुपेंद्रच्या, भांड्याच्या दुकानात बसा. भुपेंद्र गल्ल्यावर बसन, तुमी पितळेचे गंज पुसा." बाबूलाल ताटावरून उठलाच. काम कराचं भेव नाही हो त्याले! पन दुकानात हळू बोला लागते. "याजी, बसाजी, काय पाहिजेजी..." अशा बारीक आवाजात जिंदगी काढाची? त्या मानसानं? तो माह्यापाशी येऊन अक्षरशः रडला.

तेवढ्यात साकोलीच्या सेतू केंद्रातल्या कामिनीचा फोन आला. "काका, लवकर या, सरकारनं तुमच्यासाठीच निविदा काढली!" गेलो. पोरगी वाचून दाखवते, "मित्रदेशांच्या सुरक्षा दलांच्या क्षमताबांधणीसाठी विशेषज्ञ पुरवठादार पाहिजेत. कृत्रिम जमाव, नग चाळीस. ओरड मध्यम ते तीव्र. दगड रबरी, पुरवठादाराने स्वतःचे आणावेत."

"म्हनजे काय व पोरी?"

"म्हनजे काका, बाहेरदेशचे पोलीस आपल्याकडं शिकाले येऊन राह्यले, दंगा कसा आवराचा ते. तं शिकाले दंगा पाहिजे ना! तो आपन पुरवाचा."

बाबूलाल खुर्चीतून उठला ना जी! "अवो, दुसऱ्या अंकात आमी तीस वर्षं दंगाच करून राह्यलो!" त्याचा चेहरा असा खुलला का काय सांगू. सेतू केंद्रात सातबारा काढाले आलेल्या बुढ्याले त्यानं मिठी मारली.

पन एवढं सोपं असते काय? "तीन वर्षांचा दंग्याचा अनुभव, प्रमाणपत्रासह." हापिसात बसलेला तोच वॉरंटीवाला साहेब! बाबूलालनं तीस वर्षांची हँडबिलं टेबलावर मांडली. साहेबानं एक उचललं, उलटं केलं, सुलटं केलं. "यावर शिक्का कुठे आहे?" नाटकाच्या हँडबिलावर शिक्का! बरं, काम केल्याशिवाय कागद नाही, आन कागद असल्याशिवाय काम नाही. मंग मानसानं जन्म घ्यावा तं कुठून घ्यावा? आमी तं हात टेकले. पन गंमत पाहा, तीनदा तारीख वाढवली तरी दुसरा कोनी निविदा भराले आलाच नाही. कोन येईन? खरे दंगेवाले फारम भरतेत काय जी?

शेवटी साहेबच हरला. म्हने, "एक दिवस करून दाखवा. पसंत पडलं तर अनुभवाचा कागद देतो, त्यावर पुढचं तीन वर्षांचं मोठं काम भरता येईल." ठरलं तं मंग! भंडाऱ्याच्या अलीकडं, वैनगंगेच्या काठचं मैदान. समुद्रापल्याडच्या एका देशाचे साठ पोलीस, ढाली घेऊन, आन त्याइची कॅप्टन एक सहा फुटाची बाई. साहेबानं बजावून सांगितलं, "बाबूलाल, लक्षात ठेवा. आरडाओरडा, दगड, ढकलाढकली, आणि अकराव्या मिनिटाला तुम्ही शरण यायचं. अकराव्या!" बाबूलाल म्हने, "हाव जी."

आता मैदानात चाळीस जन बोंबलतेत म्हनल्यावर आजूबाजूच्या गावचे लोक येतीन का नाही? आले! पोरंबाळं, बाया, भुईमुगाच्या शेंगा इकनारा... आन बाबूलालनं मानसं पाह्यली. बस! यंदाच्या सालात पयल्यांदा समोर मानसं पाह्यली हो त्यानं! छाती फुगली, आवाज चढला. "अरे, ढालीमागं लपता कायले? हा उभा हाय मी!" ती कॅप्टन ढाल खाली करून आयकतच राह्यली. अकराव्या मिनिटाला गडी इमानदारीनं शरण आला, हातात बेड्या पडल्या, साहेबानं घाम पुसला... आन मांगून आवाज आला, "वन्स मोअर!"

संपलं ना जी! आपल्या झाडीपट्टीत वन्स मोअर आला का मेलेला मानूस बी उठून पुन्हा गाते, हे काय तुमाले सांगा लागते? वन्स मोअर मोडला तं कलाकाराले थुंकतेत लोक! बाबूलालनं बेडीसकट हात जोडले, "थांबा जी पोलीसदादा, पब्लिकचा हुकूम हाय," आन धावत गेला परत जाग्यावर, आन पुन्हा पयल्यापासून दंगा चालू! साहेब बोंबलते, "बाबूलाल! निविदेत एकदाच आहे! एकदाच!" कोन आयकते? दुसऱ्यांदा धरला, पुन्हा वन्स मोअर! तिसऱ्यांदा ते बिचारे पोलीस इतके दमले का दोघं ढालीवर बसूनच गेले. माह्या पेटीचा एक सूर बसला, तरी मी वाजवतच होतो. इतकी मजा, इतकी मजा का माह्या डोळ्यात पानी आलं हो!

तिसऱ्यांदा त्या कॅप्टनबाईनं सोता बेड्या घातल्या, हसत हसत, आन शेंगावाल्यानं बक्षिसाची नोट टाचली ते पाहून तिनं बी एक नोट बाबूलालच्या सदऱ्याले टाचून देली. आन साहेबाले काय म्हने म्हाईत हाय? "आतापर्यंत जिथं शिकलो तिथं जमाव घड्याळ पाहून घरी जात होता. खरा जमाव असा असतो, तो आपलं ऐकत नाही." आयकलं? साहेबाचा चेहरा पाहाले पाहिजे होता! दुसऱ्याच दिवशी कागद! शिक्क्यासकट! "प्रमाणित करण्यात येते की, श्री. बाबूलाल हे दंगा घडवण्यात अत्यंत प्रवीण असून, तीनदा अटक करूनही पोलिसांना आवरले नाहीत." गावात पेढे वाटले जी आमी! चंद्रकलावहिनीनं सोता भुपेंद्रले फोन केला, "दादा, दुसरा मानूस पाहा."

मंग तीन वर्षांचं मोठं काम भराले गेलो. कामिनी खाली खाली वाचत गेली आन थांबली. "काका, अजून एक कागद लागते. पोलिसांचा चारित्र्याचा दाखला."

गेलो ठाण्यात, चंद्रकलावहिनी बी संग आली. ठानेदारानं अनुभवाचा कागद वाचला, बाबूलालकडं पाह्यलं, पुन्हा वाचला. "तीनदा अटक? आवरले नाहीत? आणि तुम्हाला मी लिहून देऊ, हा माणूस सभ्य आहे?"

"साहेब, ते नाटक होतं जी..."

"यावर नाटक कुठे लिहिलंय? शिक्का तर खरा आहे!"

पाहा आता! ज्या कागदासाठी मरत होतो, तोच कागद नरड्यावर बसला! बाबूलालचा आवाज दुकानातल्यासारखा बारीक झाला. तेवढ्यात चंद्रकलावहिनी पुढं झाली. "साहेब, तीस वर्षं झाली लग्नाले. ह्या मानसानं घरात मांजरीले बी हाड म्हनलं नाही. याले वरडासाठी समोर पब्लिक लागते." ठानेदार हसला. म्हने, करून दाखवा. बाबूलालनं ठाण्यातच दुसरा अंक घेतला, आन मांगून हवालदार काय वरडला असन? बरोब्बर!

आन मंग लिहून भेटलं, माह्या डोळ्यानं वाचलं मी: "सदर इसमाची वर्तणूक चांगली असून, ते दंगा फक्त शासकीय मागणीनुसारच करतात."

काम भेटलं जी! तीन वर्षांचं! पन त्या दाखल्याखाली बारीक अक्षरात लिहून हाय, "वैधता सहा महिने." म्हनजे तीन वर्षं एकीकडं दंगा कराचा, आन दर सहा महिन्यानं ठाण्यात जाऊन सांगाचं का बाबूलाल गरीब मानूस हाय. काय करता? कागद पाहिजे ना, बाप्पा... तो बी ताजा!