भागिले सत्तावीस

गुरुजी : म्हणून म्हणतो सिस्टर, भागिले सत्तावीस करा.

सिस्टर : कशाला?

गुरुजी : रविवारी तुम्ही चर्चच्या ओट्यावर सत्तावीस जणांच्या बोटाला टोचलंत. सगळ्यांचं हिमोग्लोबिन मिळून तीनशे दहा पूर्णांक पाच. भागिले सत्तावीस, साडेअकरा. गरोदर बाईला किती लागतं?

सिस्टर : अकरा तरी हवं.

गुरुजी : मग झालं की! अर्ध्यानं जास्तच आहे. आमची सून पास.

सिस्टर : भिमाजी गुरुजी, तुमच्या सुनेचं सात पूर्णांक एक आहे. कल्याणीला सातवा महिना लागलाय. पार पांढरीफटक पडलीय पोरगी. बाळंतपणात थोडं जास्त रक्त गेलं तर हातात काही राहायचं नाही. तिचं नाव मला आजच नारायणगावच्या दवाखान्यात घालायचंय.

गुरुजी : पण चर्चची मंडळी हे एक शरीर आहे. मीच सांगितलं प्रवचनात. पाळकसाहेब महिन्यातून एकदा येतात, बाकीचे रविवार माझ्याकडे. शरीर एक म्हटलं की रक्त एक. तुम्ही करंगळीचं वेगळं आणि अंगठ्याचं वेगळं हिमोग्लोबिन लिहिता का?

सिस्टर : म्हणून हट्ट धरलात होय त्या दिवशी? मी दोन गरोदर बायका तपासायला आले होते. तुम्ही पेटीवाल्यालासुद्धा रांगेत उभं केलंत.

गुरुजी : अवयव सुटता कामा नये.

सिस्टर : आणि स्वतःची पाळी आली तेव्हा डोळे गच्च मिटून गीत म्हणत होता.

गुरुजी : ती उपासना होती.

सिस्टर : बरं, राहू द्या. मी कल्याणीला लोहाच्या शंभर गोळ्या दिल्या होत्या. रोज खाते ना?

गुरुजी : रोज एक. न चुकता. एकसष्ट झाल्या.

सिस्टर : मग रक्त वाढत का नाही?

सारजाबाई : सांगा की आता.

गुरुजी : सारजा, तू चहा टाक.

सारजाबाई : टाकलाय. सिस्टर, गोळ्या ह्ये खात्यात.

सिस्टर : हे म्हणजे कोण?

सारजाबाई : ह्ये काय, तुमच्या म्होरं बसल्यात.

सिस्टर : गुरुजी!

गुरुजी : ओरडू नका, आधी ऐकून घ्या. कल्याणीला त्या गोळीनं मळमळायचं. सरकारी औषध वाया घालवणं मला पटत नाही. आता, कुटुंब हेही एक शरीर. त्याचं मस्तक कोण? मी. तोंड कुठं असतं? मस्तकात. गोळी तोंडानंच घ्यायची असते. गुडघ्याला गोळी भरवलेली पाहिलीत कधी?

सिस्टर : या अल्ला.

गुरुजी : आणि गुण आला! मी सुरुवात केली त्या दिवसापासून तिची मळमळ बंद.

सिस्टर : तिची गोळी बंद झाली म्हणून!

गुरुजी : तेच म्हणतो मी. गोळी माझ्या पोटात, आराम तिच्या पोटाला. म्हणजे आतून जोडणी आहे.

सारजाबाई : लई जोडणी हाय. दोन म्हयनं ह्यांचं प्वाट साफ न्हाई. सकाळी तांब्या घेऊन गेलं की धाची एसटी निघून जाती, तरी ह्ये माघारी येत न्हाईत.

गुरुजी : तो क्रूस मी मुकाट्यानं वाहिला.

सिस्टर : मग पुढंही वाहा. अडीच-तीन महिन्यांनी कळा सुरू होतील, त्या कुणाला येणार?

गुरुजी : कळांचं असं आहे... प्रत्येक अवयवाला आपापलं काम नेमून दिलेलं असतं.

सिस्टर : गोळी खायचं तुम्हाला, बाळंत व्हायचं तिला.

गुरुजी : आणि ते घरात. आमच्याकडचे सगळे या मधल्या खोलीत जन्मले.

सिस्टर : नव्व्याण्णव साल उजाडलं गुरुजी. पिंपरी पेंढारहून नारायणगाव काय परदेशात आहे?

गुरुजी : तिथं गेलं की घरच्यांकडे रक्ताची बाटली मागतात.

सिस्टर : मागू देत की. शरीर एकच ना? या खिशातून त्या खिशात.

गुरुजी : सिस्टर, तुम्ही मुसलमान. आमच्या शास्त्रातलं बारीक तुम्हाला कळायचं नाही.

सिस्टर : पाच वर्षं तुमच्या चर्चच्या ओट्यावर लसी टोचतेय मी. पोरांच्या रडण्यातूनसुद्धा तुमचा आवाज बाहेर येतो. गेल्या साली तुम्हीच सांगत होता, शरीराचा जो अवयव कमजोर दिसतो त्यालाच जास्त जपायचं, त्यालाच जास्त मान द्यायचा. तेवढं माझ्या लक्षात राहिलंय.

गुरुजी : ते यंदा पुढच्या रविवारी येणार आहे. क्रमानं घ्यावं लागतं.

सिस्टर : क्रमानं ना? मग वही बघा. तुमच्या घरचे आकडे. तुम्ही पंधरा आठ. थोरला रुपेश चौदा दोन. धाकटा संपत तेरा सहा. सारजाबाई नऊ चार. कल्याणी सात एक. काय दिसतं?

गुरुजी : उतरता क्रम. आणि काय सुबक आहे! तिसरीच्या पोरांना फळ्यावर लिहून द्यावा असा. पण कशाचा? वयाचा म्हणावा तर सारजा रुपेशची आई. उंचीचा म्हणावा तर संपत सगळ्यांत उंच. अक्षरांप्रमाणेही लागत नाही.

सारजाबाई : जेवायचा हाय त्यो.

गुरुजी : काय?

सारजाबाई : आदी तुमी बसता. मंग रुपेश. संपत दुधाच्या गाडीवरनं उशिरानं येतो, मंग त्यो. मंग मी. समदं आवरलं, भांडी गोळा झाली, की मंग कल्याणी.

गुरुजी : योगायोग.

सिस्टर : तपासू की. पंधरा दिवस क्रम उलटा करा. आधी कल्याणी, मग सारजाबाई, सगळ्यांत शेवटी तुम्ही. गोळी जिची तिनं खायची, रात्री जेवण झाल्यावर, म्हणजे मळमळायचं नाही. पंधरा दिवसांनी मी पुन्हा टोचते. आकडा वर गेला, तर बाळंतपण नारायणगावला.

गुरुजी : आणि नाही गेला तर?

सिस्टर : तर रविवारी बाकावर बसून तुमचं अख्खं प्रवचन ऐकते.

गुरुजी : अख्खं?

सिस्टर : शेवटच्या प्रार्थनेसकट.

गुरुजी : पण मस्तकानं शेवटी जेवायचं म्हणजे...

सारजाबाई : मस्तक काय वाळत न्हाई पंधरा दिसांत.

(पंधरा दिवसांनी, गुरुजींच्या ओसरीवर.)

सिस्टर : आठ पूर्णांक दोन! गुरुजी, वही बघा.

गुरुजी : बघितली. सिस्टर, वांग्याच्या भाजीत वांगी असतात, हे तुम्हाला ठाऊक आहे?

सिस्टर : म्हणजे काय, असतातच.

गुरुजी : शेवटी बसलं की नसतात. देठ असतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, चुकून मला दुसरंच कालवण वाढलं. अंड्यांचा रस्सा केला की शेवटच्याला नुसता रस्सा. दूध तर येतच नाही, दुधाचं पातेलं येतं. बुधवारी मटण होतं. संपत मला विचारतो, "दादा, वास तरी चांगला आला ना?"

सारजाबाई : त्या दिशी चटणीभाकरी खाऊन झोपलं. कूस बदलत व्हतं नुसतं.

गुरुजी : भाकरीसुद्धा शेवटची करपलेलीच असते, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. पासष्ट वर्षांत मी पातेल्याचा तळ पाहिला नव्हता. आमच्या मोठ्या पातेल्यात, आत, अगदी तळाला माझ्या सासऱ्यांचं नाव घातलंय.

सारजाबाई : लग्नातलं हाय त्ये.

गुरुजी : हे मला परवा कळलं.

सिस्टर : मग, नारायणगावचं?

गुरुजी : शेजारच्या भागूला सांगितलंय. महिनाभर आधीपासून त्याची जीप आमच्या दारात उभी राहील. आणि त्या बाटलीसाठी रक्तगट तपासून आलो. गीत म्हटलं. दुसऱ्या कडव्याला डॉक्टर म्हणाले, आजोबा, झालं केव्हाच.

सिस्टर : आणि ती सरासरी?

गुरुजी : गणित बरोबर होतं. उदाहरण चुकलं.

सिस्टर : येते मी. कल्याणीला सांगा, गोळी सोडायची नाही. आणि तुम्ही हात लावायचा नाही.

गुरुजी : थांबा, चहा घेऊन जा. एक गोष्ट मात्र मला अजून सुटत नाही. सारजा, तू इतकी वर्षं सांगत आलीस की तुला तळाची खरवडच आवडते. मी रोज विचारायचो, तुला उरलं का गं? आणि तू म्हणायचीस, मला खरवडच गोड लागते. पंधरा दिवस खातोय मी ती. कडू आहे.

सारजाबाई : व्हय. कडूच असती.

गुरुजी : मग तसं सांगायचं नाही?

सारजाबाई : तुमी इचारायचा, तवा तुमचा हात धुऊन झाल्याला असायचा.