शेडातली घंटा

न्हाय न्हाय म्याडम, ती टेबलावरची घंटा आदी उचला, पर्समदी घाला, पदराखाली झाका, काय बी करा, पर माझं बोलनं चालू असताना वाजवू नका, मागनं म्हनशीला प्रयागबाईनं बचत गटाच्या मेळाव्यात येऊन धिंगाना घातला! हां. आता कसं. तर बायांनो, मला विषय दिलाय 'माझा उद्योग'. शेवयाचा. म्या आन् निमगाव केतकीच्या सुरैय्यानं, दोघीत मिळून शेवयाचं मशीन घेतलं, आन् ते मशीन आमच्या वसरीला शेळीच्या शेजारी उभं. शेळी त्याच्याकडं बगती, ते शेळीकडं बगतंय. का? तर शेड मोकळं न्हाय. शेड हाय का? हाय की! शेळगावात आमच्या घरामागं, पत्र्याचं, ऐसपैस, चार मशिनी बसतील असलं. मंग अडलं कुठं? अवो, त्यात बॉक्सिंग हाय!

हसा, हसा. तुमच्या घरात न्हाय ना, म्हनून हसताय.

आमचं मालक, दादासो, फौजेत हुतं. तितं गोळीबार शिकलं का न्हाय देव जानं, ठोसेबाजी शिकलं. पेन्शनीवर घरी आलं, मला वाटलं आता मानूस रानात जाईल, पिकाला पान्याची दारं धरंल... कुठलं काय! इंदापुरात कुनाच्या तरी लग्नात लई वर्सांनी महंमदभाई भेटला. महंमदभाई म्हंजी आमच्या सुरैय्याचा नवरा, निमगावात टायर-पंक्चरचं दुकान, ह्यो बी जवानीत बॉक्सर. दोघं एकमेकाच्या गळ्यात पडलं, जेवनाच्या पंगतीत रडलं, आन् दुसऱ्या ऐतवारी माझ्या शेडावर पाटी लागली. 'माजी मुष्टियोद्धे व बॉक्सिंगप्रेमी मंडळ.' आता माजी योद्धे ह्ये दोनच. बाकीचं समदं प्रेमी. त्या प्रेमींचा म्होरक्या तात्याबा, ज्यानं उभ्या जल्मात मच्छर बी मारला न्हाय, पर बोलताना बगा, "वैनी, त्याचा डावा हात उघडा पडला, तितंच म्याच फिरली!" तुझ्या सदऱ्याचा गुंडा उघडा हाय, ते बग आदी!

मंग रिंगन झालं. ट्रॉलीचं दोर चारी बाजूला ताणलं. खाली माझ्या गोधड्या. बसायला माझ्या दुधाच्या बादल्या पालथ्या. आन् घंटा? माझ्या आईनं लग्नात दिल्याली पितळंची परात! भोक पाडलं वो तिला! वाशाला टांगली, आन् तात्याबा वरवंट्यानं हानतोय, ढाँय! घंटा झाली की झालं! दोगं उठत्यात, हात छातीम्होरं धरत्यात, आन्... बोलत्यात. व्हय, बोलत्यातच! मारामारीचं वय ऱ्हायलंय का? पर बोलायचं बी बॉक्सिंगच्या कायद्यानं. तीन मिन्टं भांडायचं, ढाँय, एक मिनट आपापल्या कोपऱ्यात बादलीवर बसायचं, कुनीतरी टावेलनं वारा घालायचा, पान्यानं चूळ भरायची आन् माझ्या कोथिंबिरीवर थुकायची. परत ढाँय, परत भांडान.

आन् तोंडात ते रबराचं दात! मालकांना कवळी हाय. तर कवळी काडून वाटीत ठेवत्यात आन् रबराचं दात घालत्यात. म्या म्हनलं, "अवो, जे वाचवायचं ते वाटीत ठिवलं, मंग आत काय वाचिवताय?" तर म्हनत्यात, "तुला गेममदलं कळत न्हाय." न्हाय बाबा, न्हाय कळत.

मागं मंडळातला एक प्रेमी वारला. म्हातारा हुता, सुखानं गेला. ह्येंनी श्रद्धांजली ठिवली. आता कुटं बी दोन मिन्टं उभं ऱ्हात्यात ना? ह्येंनी तीन मिन्टं! का? राउंड तीन मिन्टाचा. मंग ढाँय, समदी खाली बसली, त्याच्या पोराला वाटलं संपलं, बिचारं आभार मानाय उठलं, तर परत ढाँय! दुसरा राउंड! श्रद्धांजलीचं तीन राउंड झालं बायांनो, मदल्या ईस्रांतीत फोटोला टावेलनं वारा घातला! फोटोला!

बरं, ह्ये शेडापुरतं असतं तर मी गिळलं असतं. कुल्फीवाला दारावरनं गेला, टिन् टिन्... मालक जेवता जेवता ताटावरनं उठलं, मुठी आवळून, एका मुठीत भाकरी! देवळात आरतीला गेलं, पुजाऱ्यानं घंटा वाजिवली, ह्यो मानूस पुजाऱ्याम्होरं पवित्र्यात! पुजारी तीर्थ टाकून पळाला. आन् उठल्यालं मानूस बसवायला परत दुसरी घंटा लागती, त्याबिगर हात खाली येत न्हायत. घंटा झाली की झालं!

आता तुमी म्हनशीला, भांडत्यात तरी कशावरनं? आईका. आमच्या लग्नाच्या आदी बारामतीला मांडव घालून लढत झाली हुती. दादासो आन् महंमद. शेवटच्या राउंडला लाईट गेली. काळामिट्ट अंधार. अंधारात आवाज झाला, धप्प, धप्प. लाईट आली तर दोगं बी आडवं! मोजून दहा आकडं झालं, कोन बी उठलं न्हाय. निकाल काय? काय न्हाय. मालक म्हनत्यात, "म्या मारला, म्हनून तो पडला, आन् मी आपला त्याच्या अंगावरनं घसरलो." महंमदभाई म्हनतो, "खोटं! ठोसा माझा. मी पडलो ते दादासो अंगावर आला म्हनून." झालं. ह्येवढंच. दर ऐतवारी ह्येवढंच! आन् मंडळाचा नियम काय, तर निकाल लागंपर्यंत मंडळ चालंल.

आता ईद तोंडावर. सुरैय्याकडं शेवयाच्या मागन्या येऊन पडल्याल्या, बारामतीपातूर. ईद गेल्यावर त्या शेवया काय शेळीला घालायच्या? सुरैय्या वसरीला बसली, मशिनीकडं बगून डोळ्याला पदर लावला आन् म्हनली, "प्रयागताई, आपन ह्येंच्या हातापाया पडलो, उपाशी ठिवलं, काय झालं न्हाय. आता एकच ऱ्हायलं. लावून टाकू ह्येंचा निकाल." म्या म्हनलं, "कसा?" तर म्हनली, "लढू द्या की!"

बाई बाई बाई! काय टक्कुरं हाय बगा तिचं!

गेलो दोगी शेडात. भांडान रंगात आल्यालं. म्या परातीला हात लावून धरला, आवाज बंद. म्हनलं, "निकाल लागला तर मंडळ बंद आन् शेड आमचं. कबूल?" मालक ताठ्यात म्हनलं, "कबूल!" म्हनलं, "मंग उद्या लढा." तात्याबानं वरवंटा हळूच खाली ठिवला. मालक म्हनलं, "माझा गुडघा..." महंमदभाई म्हनला, "माझ्या मोतीबिंदूचं आत्ताच..." सुरैय्या म्हनली, "भ्यालं दोगं बी, ताई. चला, बांगड्या आनू भरायला." मंग काय! बाप्या मानसाला ह्येवढं बास हुतंय. लढत ठरली.

पंच कोन? तात्याबा मालकांचा चमचा, म्हनून महंमदभाईला नको. निमगावची मानसं मालकांना नको. शेवटी महंमदभाई म्हनला, "वैनी, तुमीच ऱ्हावा. तुमी कुनाच्याच बाजूच्या न्हाय." म्हनलं, "व्हय बाबा, मी माझ्या शेडाच्या बाजूची."

दुसऱ्या दिशी दिवेलागनीला समदं शेळगाव शेडात. पाय ठिवाय जागा न्हाय. म्या पदर खवसला, मदी उभी ऱ्हायले. ह्या कोपऱ्यात दादासो, उंदरानं कुरतडल्यालं हातमोजं घालून, त्यातनं कापूस लोंबतोय. त्या कोपऱ्यात महंमदभाई, डोळ्याला ऑपरेशनचा काळा चष्मा. ढाँय! घंटा झाली की झालं! दोगं निघालं. गोल गोल फिरत्यात. ह्यो हात उगारतोय, त्यो कुटं हाय ते हुडकतोय. मंग एकदम दोगं जवळ आलं आन् गळामिठी! लोक वरडायला लागलं, "हान! हान!" मी सोडवाय गेले तर आत काय चाललंय? महंमदभाई इचारतोय, "गुडघ्याला तेल कुठलं लावतोस?" आन् ह्ये म्हनत्यात, "एरंडाचं. गरम करून." म्या वरडले, "सोडा! बाजूला व्हा!" तर आमचं मालक मला बारक्या आवाजात म्हनत्यात, "सोडवू नगंस गं... पडंन मी."

दुसरा राउंड समदा मिठीतच गेला. तिसरा. शेवटचा. सुरैय्या दोराला धरून देवाचं नाव घेतीया, म्या मनात म्हनलं, कुनी बी पडा रे, नुसतं वाऱ्यानं पडा, पर एकजन पडा! मालकांनी हात उचलला, महंमदभाईनं हात उचलला... आन् लाईट गेली.

शपथ घेऊन सांगते! तीच येळ, तोच राउंड! शेडात डोळ्यात बोट घातलं तरी दिसंना. म्या म्हनलं, "कुनी हलू नका!" तर दोगं बी हललं. आन् बायांनो, एकाचा पाय पडला माझ्या पायावर. कुरूपावर! ज्या कुरूपापायी मी चप्पल कापून घालते, त्या कुरूपावर बूट! मी वरडतीया तवर दुसऱ्याचा बूट बी तितंच! आता मी काय इचारत बसनार का, का भाऊ, तू कोन, कुठल्या गावचा? डाव्या अंगाला एक लावली. उजव्या अंगाला एक लावली. धप्प. धप्प.

लाईट आली.

दोगं आडवं. एक बारामतीकडं डोकं करून, एक इंदापूरकडं. मदी मी उभी, हात तसंच वर. तात्याबा बोंबलला, "तसंच! डिट्टो तसंच!"

महंमदभाई पडल्या पडल्या वर पत्र्याकडं बगून म्हनला, "दादासो... ठोसा बाजूनं आला रं." मालक म्हनलं, "व्हय रं. त्या येळंला बी बाजूनंच आला हुता." मंग दोगं बी उठून बसलं, एकमेकाकडं बगितलं, मंग माझ्याकडं बगितलं. "आरं... त्या येळंला पंच कोन हुता?"

गेणबा मास्तर! सोमेश्वरनगरला ऱ्हातोय, कानानं बहिरा, बाकी ठनठनीत. तितल्या तितं फोन लावला, मोठ्या आवाजावर. मालक वरडत्यात, "गेणबा आबा, बारामतीची लढत ध्यानात हाय का? लाईट गेल्याली?" तिकडनं म्हातारा म्हनतोय, "न ध्यानात ऱ्हायला काय झालं? तुमी दोगं बी माझ्या पायावर उभं ऱ्हायला हुता! कुरूप हुतं मला! दिली दोगास्नी एकएक! कुरूप आजून हाय!"

म्या टाळी वाजिवली. म्हनलं, "लागला निकाल! दोगं बी हारलं! जितला पंच! उचला बादल्या, शेड मोकळं करा!" सुरैय्या मशीन आनाय पळाली सुदिक!

तर आमचं मालक रबराचं दात काडून म्हनत्यात कसं, "निकाल कुठं? वाद तर आत्ता सुरू झाला! पंचानं खेळाडूला मारलं, तर फाऊल कुनाचा?" महंमदभाई म्हनला, "पंचाचा!" फोनमदनं म्हातारा वरडला, "पंचाच्या कुरूपावर पाय दिला, फाऊल तुमचा!" तात्याबानं परातीवर वरवंटा हानला, ढाँय! घंटा झाली की झालं!

आता मंडळ वाढलंय. दर ऐतवारी गेणबा मास्तर सोमेश्वरनगरवरनं येष्टीनं येतोय. ह्ये दोगं, जे दर ऐतवारी एकमेकाशी भांडलं, ते आता एका बाजूला. म्हातारा एका बाजूला. आन् त्यांचा पंच? मी! का, तर "वैनीचा हात नामी हाय." म्या अध्यक्ष बी हाय आता. सत्काराचा हार बी माझ्याच शेवंतीच्या फुलांचा.

मशीन? बसिवलं की. रिंगनातच बसिवलं, बरोबर मदी, बगू कोन काय करतंय! शेवया रिंगनाच्या दोरावर वाळत घालते. लाईट गेली का मशीन हातानं फिरवाय ह्येच गडी लावते, आन् काम करत्यात बरं का, न्हाय म्हनायचं न्हाय. ईदच्या शेवया येळंवर गेल्या. पर तीन मिन्टं मशीन फिरवत्यात, मंग ढाँय, एक मिनट बादलीवर बसत्यात, आन् टावेलनं वारा कोन घालतंय? मी आन् सुरैय्या! आता सांगा म्याडम, ह्यात मालकीन कोन आन् गडी कोन? ह्याला उद्योग म्हनायचं का...

टिंग.

म्याडम! म्हनलं हुतं का न्हाय, घंटा वाजवू नका? आता बगा, आल्या ना मुठी वर? न्हाय वो, चिडले न्हाय मी. ह्ये असंच हुतंय आता. भिऊ नका, मागं सरकू नका... फकस्त आनीक एकदा वाजवा, म्हंजी मला खाली बसता यील.