बिघडलेले टेक

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे एक बाई उभ्या होत्या. दुकानदार त्यांचा कॉम्प्युटर तपासत होता.

“ताई, गाण्यांच्या सगळ्या फाइली शाबूत आहेत की.”

“ती चांगली गाणी. मला डिलीट केलेली हवीत. घरी कराओके ट्रॅक लावून गाणी रेकॉर्ड करते मी. बिघडला टेक की उडवायचा, अशी सवय.”

“मग बिघडलेले कशाला हवेत?”

“त्यात बाबा आहेत. ट्रॅक माझ्या हेडफोनमध्ये, त्यांना नुसता माझा आवाज ऐकू जायचा. तरी ध्रुवपद आलं की आतल्या खोलीतून सूर लावायचेच. माइकमध्ये यायचं सगळं.”

“मग आता म्हणा त्यांना, या, पुढ्यात बसून गा.”

“गेल्या महिन्यात गेले ते.”

“...माफ करा, ताई. एकच तुकडा हाती लागलाय. ध्रुवपदाच्या आधीच तुम्ही थांबलात.”

“काय आहे त्यात?”

“तुम्ही म्हणताय, ‘बाबा, आज तरी मध्ये गाऊ नका. दार लावून घ्या तिकडून.’”

“हो. म्हणाले होते मी. पुढे?”

“पुढे दार लावल्याचा आवाज आहे फक्त. हा ऐका.”

“परत ऐकवता? किती हळू लावलंय बघा त्यांनी.”