आबांची गोफण

हसू नका बे, आधी पुरतं ऐका. दिवाळीनंतर आमच्या वडलांना, आबांना घेऊन मी समुद्राकाठच्या खाऱ्या सरोवरावर गेलतो. पाखरांचं अभयारण्य हाय ते. नावेत सगळे गप बसलेले. तेवढ्यात आभाळातून लई मोठा थवा पाण्यावर उतरू लागला, अन् आबा ताडकन उठले. टाळ्या पिटत ओरडले, "हाऽ हाऽ! हुर्रऽ!"

सगळा थवा परत वर उडाला. आबांचा जन्म गेला नेकनूरच्या शिवारात जवारी राखण्यात. पाखरं दिसली की हाकलायची, एवढंच त्यांना ठावं.

नावेतला गार्ड चिडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "बाबा, खूप लांबून येतात हो ही. डोंगर, वाळवंट ओलांडून. आत्ता कुठं टेकत होती."

आबा खाली बसले. त्यांनी विचारलं, "आमच्या जवारीवर दाणे टिपाया भोरड्या येतेत. त्या कुठल्या?"

"त्याही तिकडच्याच, बाबा. दूर देशातून येतात."

आम्ही नेकनूरला परत आलो.

पुढं जवारी हुरड्यात आली अन् भोरड्यांचा थवा आला. आबा रानातल्या माळ्यावर उभे. गोफणीत धोंडा, हात वर, पण गोफण काही फिरंना.

मी खालून ओरडलो, "आबा, हाणा की! कावून थांबलाव?"

"हाणतो," आबा म्हणाले. "आधी टेकू दे त्यांला."