सगळे म्हणजे कोण?

अप्पा : ते राहू दे. सगळे म्हणजे कोण, ते सांग आधी.

मुलगी : सगळे म्हणजे... सगळे, अप्पा. गिऱ्हाइकं, आजूबाजूचे दुकानदार. बाजारात कुणालाही विचारा. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, आता हात थरथरतो, म्हाताऱ्यानं आराम करावा, असंच म्हणतात.

अप्पा : म्हातारा म्हणतात मला?

मुलगी : नाही, अप्पाच म्हणतात.

अप्पा : बघ, एका दमात शब्द फिरवलास. खरंच कुणी म्हटलं असतं, तर शब्द पक्का आठवला असता. आठवडा झाला, तुझं हेच चाललंय. एक नाव सांग. एकच.

मुलगी : वकिलासारखी उलटतपासणी काय घेता? शेजारचे... चष्मेवाले.

अप्पा : मग सोपं झालं. भिंतीपलीकडेच आहेत. अहो चष्मेवाले! जरा इकडे या!

मुलगी : अप्पा, त्यांना कशाला? त्यांच्याकडे गिऱ्हाईक असेल.

अप्पा : सकाळपासून तिकडे माशी फिरकलेली नाही. या, या. बसा स्टुलावर. मला सांगा, मी हे दुरुस्तीचं टेबल सोडावं, असं तुम्ही म्हणालात?

चष्मेवाला : मी? छे छे, भलतंच! म्हणजे बघा, तुमचं वय, तुमचे डोळे... पण मी म्हणालो असं नाही हं. सगळ्यांचंच मत आहे म्हणे.

अप्पा : म्हणे! कुणाच्या तोंडून ऐकलंत?

चष्मेवाला : आता नेमकं कसं सांगणार? हवेतच आहे ते. परवा शिंप्याकडेसुद्धा विषय निघाला होता.

अप्पा : शिंप्यानं काढला?

चष्मेवाला : नाही, तसा मीच काढला. शिंपी म्हणाला, हो का, असेल.

अप्पा : आणि तुमच्या कानावर कुणी घातलं?

चष्मेवाला : माझ्या? बघा, म्हणजे... ताई, तुम्हीच म्हणाला होतात ना, गेल्या आठवड्यात? सगळे म्हणतात म्हणून?

अप्पा : वा! हिनं तुम्हाला सांगितलं, तुम्ही शिंप्याला सांगितलं, आणि आता तुम्हीच हिचे साक्षीदार. अख्खा बाजार एकाच तोंडानं बोलतोय, आणि ते तोंड माझ्याच घरात जेवतंय.

चष्मेवाला : मी निघतो. दुकान उघडं टाकून आलोय. पण अप्पा, एक आपलं सांगून ठेवतो. तुम्ही दुपारी घरी जाता ना, तेव्हा ताई शटर अर्धं खाली ओढून आत बसतात. रोज. मी कधी विचारलं नाही. बापलेकीत मी कशाला पडू? येतो.

अप्पा : अहो, थांबा! रोज म्हणजे... पळाला. काडी टाकली आणि पळाला. काय गं, शटर अर्धं खाली का?

मुलगी : ऊन येतं.

अप्पा : या दुकानात ऊन सकाळी येतं. मला शिकवतेस? ‘अप्पा, जेवून तासभर पडा, मी बघते दुकान.’ मला वाटलं, लेकीची माया! कुणाला दाखवतेस दुकान? त्या मोबाइलवाल्याला? दोनदा गोड गोड बोलून गेलाय तो.

मुलगी : दुकान विकायचं माझ्या स्वप्नातही नाही.

अप्पा : मग मला उठवायची एवढी घाई कशाला? हे टेबल गेलं तर मी घरी भिंतीकडे बघत बसेन. दुसरं काही येत नाही मला. माझ्या हातून बिघडून परत आलेलं एक तरी घड्याळ दाखव.

मुलगी : परत एकही आलेलं नाही.

अप्पा : मग?

मुलगी : म्हणूनच तर...

अप्पा : म्हणूनच काय? ते मुख्याध्यापिका बाईंचं घड्याळ दे इकडे. पट्टा बदलायला आलंय ना? गेल्या महिन्यात मीच साफ केलं होतं. उघडून दाखवतो, कसं चाललंय ते.

मुलगी : ते नको, अप्पा. दुसरं कुठलंही घ्या.

अप्पा : आता तेच हवंय. भिंग दे.

(अप्पा डोळ्याला भिंग लावून घड्याळाचं मागचं झाकण उघडतात.)

अप्पा : झाकणाच्या आत ही माझी खूण. महिन्याचा आकडा, खाली आडवी रेघ. रेघ वाकडी आलीये जरा.

मुलगी : हो.

अप्पा : आणि रेघेखालचा ठिपका कुणाचा?

मुलगी : माझा.

अप्पा : तू उघडलं होतंस? कधी?

मुलगी : तुम्ही काम संपवलंत त्याच दुपारी. तुमचा चिमटा लागून आतली स्प्रिंग वाकली होती. संध्याकाळी बाई न्यायला येणार होत्या.

अप्पा : आणखी कुठली?

मुलगी : या वर्षातली... बहुतेक.

अप्पा : ठिपका केला नसतास, तर मला जन्मात कळलं नसतं.

मुलगी : तुम्हीच शिकवलंत ना? ज्यानं घड्याळ उघडलं, त्यानं आत खूण सोडायची, चोरासारखं बंद करायचं नाही. आठ वर्षांची होते मी. याच टेबलाशी, खोक्यावर उभी राहून बघायचे.

अप्पा : म्हणजे लोक काहीच म्हणत नाहीत.

मुलगी : त्यांना काय माहीत? त्यांची घड्याळं चालतात. म्हणणारी मी एकटी. पण बापाला तोंडावर कसं सांगायचं, की तुमचा हात आता साथ देत नाही? चार लोकांच्या नावावर खपवलं, तर तुम्हाला कमी लागेल असं वाटलं.

अप्पा : कमी? रस्त्यात कुणी हसून नमस्कार केला, तरी वाटायचं, हाही त्यातलाच. आठवडाभर मान वर करून चाललो नाही मी. आणि तुझ्यावर तर दुकान विकायला काढल्याचाच आळ घेतला.

मुलगी : चुकलं माझं, अप्पा.

अप्पा : ठिपका छान गोल आलाय. हात हलत नाही तुझा.

मुलगी : अप्पा...

अप्पा : धर हे भिंग. पूस नीट, ओलं झालंय. उद्यापासून दुपारी शटर पूर्ण वर ठेव. तू इथं बसायचं. मी काउंटरवर पट्टे बदलीन, गिऱ्हाइकांशी गप्पा मारीन.

मुलगी : आणि कुणी विचारलं, अप्पा टेबलावरून का उठले, तर?

अप्पा : सगळे म्हणाले म्हणून, असं सांगू नकोस. लेक म्हणाली म्हणून उठले, एवढंच सांग.