जिवंत माणसाचं नाव

(स्लोव्हाकियातलं एक खेडं, १९६६. अपोलोनियाचं स्वयंपाकघर, चुलीवर कोबीचं सूप. तिचा नवरा ओंद्रेय खिडकीशी बसलाय. सतरा वर्षांनी इस्रायलमधल्या हैफाहून आलेली एडित समोर. तिच्या मांडीवर पाच महिन्यांची लेक.)

अपोलोनिया : आईचं नाव ठेवलं म्हणतेस. कुठल्या आईचं?

एडित : तुला ठाऊक आहे, आई. मल्का.

अपोलोनिया : ठाऊक असूनच विचारलं. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं.

ओंद्रेय : ऐकलंस ना? आता सूप ढवळ, खाली लागेल.

अपोलोनिया : लागू दे! तुम्ही मध्ये बोलू नका. एडित, गावोगावच्या ज्यूंना गाड्यांत भरून नेत होते, तेव्हा याच दारात तुला सोडून गेली ती. चार वर्षांची होतीस. पुढं सात वर्षं कुणी सांभाळलं? शिपाई आले की नवऱ्याची भाची म्हणून कुणी पुढं केलं? "डोळे बघा, डिट्टो नणंद!" असं हसत सांगायचे मी.

एडित : मी काही विसरले नाही.

अपोलोनिया : मग माझं नाव बरं विसरलीस! आमच्याकडं पहिल्या नातीला आजीचं नाव. साऱ्या गावाला सांगून बसले मी. फादरना सुद्धा!

ओंद्रेय : टोपी पण विणलीय. वर लाल दोऱ्यानं 'अपोलोनिया'. कालपासून कपाटात कोंबून ठेवलीय.

अपोलोनिया : तुमच्या तोंडाला काही कुलूप आहे की नाही हो?

एडित : दाखव ना मला.

अपोलोनिया : कशाला? मल्काच्या डोक्यावर अपोलोनिया? गावाला हसायला नको दुसरं काही.

एडित : आई, ती परत आली नाही. बाबाही नाहीत. कबर नाही, फोटो नाही. नावाशिवाय माझ्याकडे तिचं काय आहे?

अपोलोनिया : तेच तर! काही नाही, तरी सगळं तिचंच. ताप चढला की "आई, आई" करायचीस. मी ओ द्यायचे. तर डोळे उघडून म्हणायचीस, "तू नाही. ती." रात्रभर उशाशी कोण? मी. हाका कुणाला? तिला!

ओंद्रेय : पोला, गेलेल्या बाईशी कसली बरोबरी करतेस?

अपोलोनिया : करता कुठं येते? जिवंत असती तर कडाकडा भांडले असते, झिंज्या उपटल्या असत्या. मेलेली बाई म्हातारी होत नाही, सूप करपवत नाही, पोरीवर हात उगारत नाही. जळते मी तिच्यावर! देवानं नरकात घातलं तरी चालेल, पण जळते.

एडित : इस्रायलला नेलं तेव्हा बोटीवर माझ्यावरही जळायचे सगळे.

अपोलोनिया : तुझ्यावर? का?

एडित : सगळी बोट अनाथ पोरांनी भरलेली. मी रडायला लागले, कुणीतरी विचारलं काय झालं. म्हटलं, आईची आठवण येते, ती गावाकडं राहिली. कुणी जवळ घेतलं नाही मला. एक मुलगा म्हणाला, "हिला आई आहे, आणि ही रडते!" तिकडं पोचेपर्यंत बोलला नाही तो माझ्याशी.

अपोलोनिया : मेल्याला काय झालं होतं बोलायला! ... पण मग माझं नाव का नाही ठेवलंस?

एडित : आमच्याकडे जिवंत माणसाचं नाव बाळाला ठेवत नाहीत. ठेवलं तर त्या माणसाचं आयुष्य घटतं म्हणतात. गेलेल्यांचंच नाव ठेवायचं.

अपोलोनिया : म्हणजे मी मेल्यावर?

एडित : हं.

ओंद्रेय : घाई करू नकोस हं, पोला.

अपोलोनिया : तुम्ही गप्प बसा! हे आधी नाही का कळवायचं गं? मी आपली दोरा आणून बसले.

एडित : तुला सांगायला जीभ रेटेना. दवाखान्यात सासूबाई म्हणाल्या, "खेड्यातल्या त्या बाईचं नाव ठेवू या, एव्हाना ती गेलीच असेल." मी ओरडले त्यांच्यावर. अंगात उभं राहायची ताकद नव्हती, तरी ओरडले. "ती आहे! ती जिवंत आहे!" नर्स धावत आली.

अपोलोनिया : सासूवर ओरडलीस?

एडित : हो.

अपोलोनिया : सासूवर ओरडू नये. ... बरं केलंस. गेलीच असेल म्हणे! बघू कोण आधी जातंय ते.

ओंद्रेय : सूप लागलं बघ.

अपोलोनिया : मरो ते सूप. आण ती पोर इकडं. अगं बाई, हे काय गुंडाळणं? पाय उघडे, पाठ उघडी! बाळाला असं गुंडाळतात होय? तुझ्या त्या आईनं एवढंसुद्धा शिकवलं नाही?

एडित : नाही. तिला वेळच कुठं मिळाला, आई.