दोन पॅनल, एक ताफा

हसू नका, पण एका खेळाने मला खरंच दुखावलं. मी बंगळुरूला शिकत होतो तेव्हा चोपड्याचा भूषण आणि मी अवकाशयानांच्या एका ऑनलाइन खेळात रोज भेटायचो, एकाच ताफ्यातून उडायचो. आमची मैत्री त्यावरच टिकली. मी गावी परतलो आणि त्या खेळात एकमेकांशी लढणारे दोन गट आले. भूषण म्हणाला, "तू एकमा जाय, मी दुसरामा जास." ग्रामपंचायतीला आमच्याकडे असंच करतात. कोणतंही पॅनल येवो, घरातला एक जण आत असतो, आणि निकालानंतर दोघे भाऊ शेजारी बसून जेवतात. मला ते पटलं.

खेळाला ही रीत ठाऊक नव्हती. यादीत आम्ही अजूनही एकाच ताफ्यातले सोबती दिसत होतो, म्हणून भूषण कित्येक महिने खपून उभारलेलं यान घेऊन माझ्या तळावर उतरायला आला. तळावरच्या तोफांनी फक्त त्याचा गट पाहिला आणि मला न विचारता यानाचा चुरा केला.

मी लगेच फोन लावला. "अरे, मी नाही मारलं! हे गट नुसते वरून चिकटवलेत, ताफ्याशी त्यांचा काही मेळच नाही. मी कंपनीला लिहितो, भांडतो त्यांच्याशी!"

तो म्हणाला, "माले माहीत शे रे भाऊ. पन तुन्हाच दारमा मारं ना."